अडवलेले पाणी, उतरलेले पक्षी
भिलाई म्हटले की १९५९ साली पेटलेली पहिली झोतभट्टी आठवते. मात्र याच जुन्या दुर्ग जिल्ह्यात, आजच्या बेमेतऱ्यातील गिधवा-परसद्याच्या तलावांवर, हिवाळ्यात स्थलांतरित पक्षी उतरतात. २०२१ साली तेथे पक्षी महोत्सवही भरला. डिसेंबर २०२५ मध्ये बिलासपूरचा कोपरा जलाशय छत्तीसगडचे पहिले रामसर स्थळ ठरला. महाराष्ट्राला हा मान २०२० साली गोदावरीवरील बंधाऱ्यामुळे घडलेल्या नांदूर मधमेश्वरने मिळवून दिला.

हे सारे पाणी माणसाने आपल्या गरजेसाठी अडवलेले. म्हणूनच पातळी केव्हा, किती उतरवावी, हा येथील संवर्धनाचा कळीचा प्रश्न आहे. तलाव आटला तर बदके जातात. काठोकाठ राहिला तर चिखलात चरणाऱ्या तुतवारांना जागा उरत नाही. पर्यटकांसाठी मनोरे उभारण्याआधी हा हिशेब ठरायला हवा.