आत्मसंरक्षण दल, जपानचे
जपानच्या सशस्त्र सेनांचे अधिकृत नाव. जपानी भाषेत त्यांना ‘जिएइताई’ म्हणतात. भू, सागरी व हवाई अशी तीन दले १ जुलै १९५४ रोजी अस्तित्वात आली. युद्धाचा त्याग करणारे संविधान आणि सुसज्ज सेना यांचा मेळ घालण्याचा प्रयत्न, हे त्यांच्या इतिहासाचे मुख्य सूत्र होय.

पूर्वेतिहास : दुसऱ्या महायुद्धातील पराभवानंतर (१९४५) जपानी भूसेना व नौसेना विसर्जित करण्यात आल्या. ३ मे १९४७ रोजी अमलात आलेल्या संविधानाच्या नवव्या अनुच्छेदाने युद्धाचा कायमचा त्याग केला आणि कोणतेही युद्धसामर्थ्य बाळगण्यास मनाई केली. जून १९५० मध्ये कोरियन युद्ध सुरू होताच जपानमधील अमेरिकी सैन्य तिकडे हलवावे लागले. ही उणीव भरून काढण्यासाठी जनरल डग्लस मॅक्‌आर्थर यांच्या आदेशावरून ७५,००० जणांचे राष्ट्रीय पोलीस राखीव दल उभारण्यात आले. १९५२ मध्ये त्याचे सुरक्षा दलात व १९५४ मध्ये भू-आत्मसंरक्षण दलात रूपांतर झाले. लष्करी संज्ञा कटाक्षाने टाळण्यात आल्या. रणगाड्यांना आरंभी ‘विशेष वाहने’ म्हणत. पायदळास ‘सामान्य शाखा’ व विनाशिकांना ‘रक्षक नौका’ ही नावे पुढेही चालू राहिली.

संघटन : सर्वोच्च अधिकार पंतप्रधानांकडे असून मंत्री मुलकी असावा, असा संविधानाचा दंडक आहे. युद्धपूर्व काळात सेनाधिकारीच सेनामंत्री असत व त्यांच्या असहकाराने मंत्रिमंडळे कोसळत; त्या अनुभवाचा हा परिपाक होय. १९५४ मध्ये स्थापन झालेल्या संरक्षण अभिकरणास जानेवारी २००७ मध्ये मंत्रालयाचा दर्जा मिळाला. तिन्ही दलांच्या कारवायांसाठी मार्च २०२५ मध्ये संयुक्त कार्यवाही मुख्यालय स्थापन झाले. भरती ऐच्छिक असून मंजूर संख्याबळ सुमारे २,४७,००० आहे. तथापि घटत्या जन्मदरामुळे ते पूर्ण भरत नाही. सैनिक कायद्याने विशेष लोकसेवक गणले जातात व त्यांच्यासाठी लष्करी न्यायालये नाहीत.

बदलती भूमिका : १९५४ मध्येच संसदेच्या वरिष्ठ सभागृहाने दले परदेशी न पाठविण्याचा ठराव केला. १९७६ मध्ये संरक्षणखर्चास एकूण राष्ट्रीय उत्पादनाच्या १ टक्क्याची मर्यादा घालण्यात आली. ती १९८७ मध्ये रद्द झाली. १९७३ मध्ये साप्पोरो जिल्हा न्यायालयाने ही दले संविधानविरोधी ठरविली. परंतु १९७६ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने तो निर्णय फिरविला आणि १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मूळ प्रश्नास हात न घालता दावा निकालात काढला.

१९९१ च्या आखाती युद्धानंतर इराणच्या आखातात पाणसुरुंग काढण्यासाठी नौका धाडण्यात आल्या. १९९२ च्या कायद्यान्वये कंबोडियातील संयुक्त राष्ट्रांच्या शांतिकार्यात व २००४–०६ मध्ये इराकच्या पुनर्बांधणीत या दलांनी भाग घेतला. लोकांचा विश्वास मात्र त्यांनी मुख्यतः आपत्तिनिवारणाने संपादन केला; २०११ च्या भूकंप व त्सुनामीच्या वेळी सुमारे एक लाख सैनिक मदतकार्यात होते.

२०१४ मध्ये मंत्रिमंडळाने संविधानाचा नवा अर्थ लावून सामूहिक संरक्षणाचा हक्क मर्यादित स्वरूपात मान्य केला. २०१५ मध्ये त्यास कायद्याचे रूप मिळाले. चीनचे वाढते सामर्थ्य व उत्तर कोरियाची क्षेपणास्त्रे यांमुळे डिसेंबर २०२२ मध्ये शत्रूच्या तळांवर प्रतिहल्ला करण्याची क्षमता मिळविण्याचे धोरण स्वीकारण्यात आले. या अवधीत नवव्या अनुच्छेदातील एक शब्दही बदललेला नाही. बदलला तो त्याचा अर्थ. तो अर्थ लोकमताच्या संमतीविना किती ताणता येईल, हा जपानी लोकशाहीपुढील मूलभूत प्रश्न आहे.