तलवार आणि दप्तर

देशभक्ति म्हटली कीं आपल्या डोळ्यांपुढें प्रथम रणांगण उभें राहतें, आणि तें स्वाभाविकच आहे. प्राण देणाऱ्याहून अधिक तें कोण देणार? परंतु लढणाऱ्याच्या पाठीशीं धान्य, द्रव्य आणि न्याय यांची व्यवस्था राखणारा कोणी नसेल, तर त्याचें शौर्य फार दिवस पुरत नाहीं. १६८९ पासून १७०७ पर्यंत महाराष्ट्रानें जें युद्ध केलें, त्याचा इतिहास या दृष्टीनें पाहण्यासारखा आहे.

११ मार्च १६८९ रोजीं औरंगजेबानें संभाजीमहाराजांचा वध करविला. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत रायगड पडला. येसूबाई व बाळ शाहू शत्रूच्या हातीं सांपडलीं. राजाराममहाराजांस तर त्यापूर्वींच दूर दक्षिणेंत जिंजीची वाट धरावी लागली होती. राजा परमुलखांत, राजधानी शत्रूकडे, अशा राज्याचें आयुष्य किती, असा प्रश्न कोणासहि पडावा.

पण तें राज्य टिकलें. याचें श्रेय आपण संताजी घोरपडे व धनाजी जाधव यांस देतों, आणि तें यथार्थ आहे. १६९५ सालीं दोड्डेरीस संताजीनें कासीमखानाच्या फौजेचा पुरता कोंडमारा केला. पुढील वर्षाच्या आरंभीं हिंमतखान त्याच्याशीं लढतां लढतां पडला. मात्र हे घोडेस्वार ज्या मुलखाच्या बळावर लढत होते, तो मुलूख कोणी सांभाळला?

तो सांभाळला रामचंद्रपंत अमात्यानें. शिवछत्रपतींच्या अष्टप्रधानांत बसलेल्या या मुत्सद्द्यास राजाराममहाराजांनीं 'हुकुमतपन्हा' हा किताब देऊन महाराष्ट्राचा कारभार सोंपविला. शंकराजी नारायण त्याचा जोडीदार होता. उजाड गांवीं रयत परत आणावी, किल्ल्यांवर दाणागोटा व दारूगोळा पोंचवावा, मोंगलांस मिळालेल्या देशमुखांस माघारीं वळवावें, हें त्याचें काम. या कामापुढें नगारा वाजत नाहीं कीं निशाण फडकत नाहीं. पण तें एक हंगाम थांबतें, तर गड उपासमारीनेंच पडते.

या सेवेची किंमतहि मोठी होती. शिवछत्रपतींचा कटाक्ष चाकरीबद्दल रोख वेतन देण्यावर होता. आतां मोंगल मनसबींचें व वतनांचें आमिष दाखवूं लागले, तेव्हां स्वराज्यालाहि तोच मार्ग पत्करावा लागला. सरदारांस मुलूख तोडून देण्याच्या पद्धतीचें मूळ या काळांत आहे, आणि तिचा दोष इतिहासकार कारभाऱ्यांच्या पदरीं घालतात. रणांत पडलेल्या वीराची कीर्ति निष्कलंक राहते. राज्य वांचविण्यासाठीं नको तो निर्णय घेणाऱ्याच्या वांट्यास मात्र आरोप येतो. तो सोसणें हाहि एक त्यागच नव्हे काय?

पंतास या मार्गाचा धोका कळत नव्हता असें नाहीं. १७१५ च्या सुमाराचें, कोल्हापूरच्या संभाजीमहाराजांच्या आज्ञेनें झालेलें 'आज्ञापत्र' परंपरेनें त्याचें मानिलें जातें. त्यांत वतनदारांविषयीं आणि सेवकांस जमिनी तोडून देण्याविषयीं कडक इशारा आहे. त्यांतील आरमाराचें प्रकरण तर मोठें बोधप्रद आहे. जहाजांसाठीं लांकूड तर हवेंच. तरी रयतेनें लेंकराप्रमाणें वाढविलेल्या आंब्याफणसाला तिच्या राजीखुषीवांचून हात लावूं नये, असें तें बजावतें. युद्धाची गरज आणि कुणब्याच्या परसांतील झाड, या दोहोंची चिंता एकाच लेखणीनें वाहिली आहे.

१७०७ सालीं अहमदनगराजवळ औरंगजेबानें देह ठेविला, तेव्हां स्वराज्य जिवंत होतें. संताजी-धनाजींचे पोवाडे आपण अवश्य गावे. पण दुष्काळांत धान्याचा हिशेब चोख ठेवणारा कारकून, सांथींत गांव न सोडणारा वैद्य, लांच झिडकारणारा अंमलदार हेहि त्याच राज्याचे शिपाई होत. त्यांची आठवण न ठेवणाऱ्या समाजाला संकटकाळीं तलवारी मिळतील. त्या उचलणाऱ्या हातांना भाकर पोंचविणारा मिळेलच असें नाहीं.