जड कच्चं तेल तयार कसं होतं?

ठाण्यात बाळकुम नाक्यावर खड्डे बुजवायला जे काळं, चिकट डांबर ओततात, ते कच्च्या तेलातूनच येतं. रिफायनरीत पेट्रोल, रॉकेल, डिझेल वेगळं काढल्यावर तळाशी जे उरतं, त्यापासून डांबर बनतं. जमिनीखालीही काहीसं असंच घडतं. तेलातला हलका भाग जातो आणि जड भाग मागे राहतो. फरक एवढाच, की तिथे हे काम मुख्यतः जीवाणू करतात.

जड तेल कशाला म्हणतात?

तेलाचा हलकेपणा ‘एपीआय’ अंशांत मोजतात. अंक जितका कमी, तितकं तेल जड. ढोबळमानाने २२ अंशांखालचं तेल जड समजतात. १० अंशांखालचं तेल तर पाण्यात बुडतं.

आधी साधं तेल बनतं

बाळकुमचा काळा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे. अशा खडकात तेल तयार होत नाही. त्यासाठी गाळाचं खोरं लागतं. मेलेले सूक्ष्मजीव आणि वनस्पतींचे अवशेष चिखलात गाडले जातात, वर थरावर थर चढतात. खोलवर साधारण ६० ते १२० अंश सेल्सिअस उष्णतेत लाखो वर्षांनी त्यांचं तेल होतं.

असं खोरं मुंबईच्या पश्चिमेला अरबी समुद्राखाली आहे. किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर १९७४ मध्ये तिथे ‘मुंबई हाय’चा साठा सापडला. ते तेल मात्र हलकं आहे.

मग ते जड का होतं?

तेल पाण्यापेक्षा हलकं असल्याने खडकातल्या छिद्रांतून वर सरकतं. ते उथळ, थंड थरात अडकलं आणि तिथे पाणीही असलं, तर जीवाणूंचं फावतं. सुमारे ८० अंशांपर्यंतच्या उष्णतेत ते टिकतात. तेलातले साधे, हलके घटक ते आधी खातात. वरचं झाकण गळकं असेल तर वायूही निसटतात. मागे मोठे, चिकट रेणू उरतात. गंधक, निकेल, व्हॅनेडियम यांचं प्रमाण वाढतं. थोडक्यात, बहुतेक जड तेल म्हणजे बिघडलेलं हलकं तेल.

काढायचं कसं?

भारतातलं ठळक उदाहरण गुजरातमधल्या मेहसाण्याचं. तिथल्या बालोल आणि संथाल क्षेत्रांतलं तेल इतकं घट्ट, की ते विहिरीकडे सहज वाहत नाही. म्हणून ओएनजीसी तिथे जमिनीत हवा सोडून थोडं तेल आतच जाळते. त्या उष्णतेने बाकीचं पातळ होतं.

व्हेनेझुएलाचा तेलसाठा जगात सर्वांत मोठा म्हणून सांगितला जातो. पण त्यातलं बरंचसं ओरिनोको पट्ट्यातलं अतिजड तेल आहे. ते काढायला आणि शुद्ध करायला खर्च जास्त, म्हणून त्याला भाव कमी. साठ्याची बातमी वाचताना तेल किती, याइतकंच ते कसलं, हेही पाहायला हवं.