आवाजाची साखळी : भारतीय चित्रपटातील ध्वनिमुद्रकांचे सख्य

चित्रपट पाहताना तुमचे लक्ष आवाजाकडे केव्हा जाते? बहुधा तो बिघडला की. संवाद स्वच्छ ऐकू आले, तर ध्वनिमुद्रकाची आठवण कोणी काढत नाही. त्यामुळे या मंडळींच्या कामाची खरी पारख त्यांच्याच सोबत्यांना असते. पण त्यांच्यातील आपलेपणा केवळ स्वभावातून आलेला नाही, तो कामाच्या रचनेतून आला आहे. तंत्र बदलले, तसे त्याचे रूपही बदलले. ते कसे, हे या टिपणात पाहू.

१. एकच फीत, एकच संधी

अर्देशीर इराणी यांचा ‘आलम आरा’ १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात प्रदर्शित झाला. त्यासाठी वापरलेल्या ‘टॅनार’ यंत्रणेत चित्र आणि आवाज एकाच फितीवर नोंदले जात. म्हणजे आवाज चुकला की दृश्यही वाया. स्टुडिओजवळून रेल्वे जात असल्याने बरेचसे चित्रीकरण रात्री, गाड्या थांबल्यावर करावे लागे. मायक्रोफोन आणि वादक कॅमेऱ्याला दिसणार नाहीत असे लपवावे लागत. विल्फर्ड डेमिंग या अमेरिकन तंत्रज्ञाकडून प्राथमिक गोष्टी शिकून घेऊन इराणी आणि रुस्तम भरुचा यांनी ध्वनिमुद्रण सांभाळले. अशा ठिकाणी एकाची खोकल्याची उबळ सर्वांची मेहनत बुडवू शकत होती. शिस्त आणि सोबत येथे एकत्रच जन्मली.

२. काम विभागले गेले

१९३५ मध्ये कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने ‘धूप छाँव’ काढला. दिग्दर्शक नितीन बोस, तर ध्वनिमुद्रक त्यांचे बंधू मुकुल बोस. या चित्रपटापासून आपल्याकडे पार्श्वगायन रुळू लागले. गाणे आधी मुद्रित करायचे आणि चित्रीकरणाच्या वेळी ते वाजवायचे. सोय मोठी झाली, पण आवाज आता एका जागी, एका वेळी तयार होत नव्हता. एकाने मुद्रित केलेले दुसऱ्याच्या हाती जाऊ लागले. साखळी तयार झाली ती येथे.

३. तुटलेला दुवा

पुढे हलके, पण घरघर करणारे कॅमेरे बाह्यचित्रीकरणात रूढ झाले. त्यामुळे जागेवरचा आवाज केवळ मार्गदर्शक म्हणून घेत आणि सगळे संवाद नंतर स्टुडिओत डब करत. थोडा विचार करा : उन्हात दिवसभर उभे राहून घेतलेला आपला आवाज टाकूनच दिला जाणार आहे, हे ज्याला ठाऊक आहे, त्याने पुढच्या सोबत्यासाठी जीव का तोडावा? याच काळात डबिंग आणि मिश्रणाच्या खोल्यांत मात्र उत्तम कारागिरी फुलली. राजकमल कलामंदिरचे मंगेश देसाई हे त्यातले मोठे नाव.

४. दुवा पुन्हा जुळतो

‘लगान’ (२००१) कच्छमध्ये चित्रित झाला, तो जागेवरच संवाद मुद्रित करून. नकुल कामटे यांनी जागेवरचा आवाज सांभाळला. त्या वर्षीचा ध्वनिमुद्रणाचा राष्ट्रीय पुरस्कार त्यांना आणि एच. श्रीधर यांना मिळून मिळाला. २००९ मध्ये ‘स्लमडॉग मिलेनियर’साठीचे ध्वनिमिश्रणाचे ऑस्करही इयान टॅप, रिचर्ड प्राइक आणि पुण्याच्या फिल्म संस्थेत शिकलेले रसूल पूकुट्टी अशा तिघांना मिळाले. एका आवाजामागे किती हात असतात, हे या नावांवरूनच कळते.

एक साधी रीत लक्षात ठेवा. दृश्य संपले की ध्वनिमुद्रक सर्वांना स्तब्ध उभे करतो आणि अर्धा-एक मिनिट त्या जागेची नुसती शांतता मुद्रित करतो. पंख्याची घरघर, लांबची रहदारी, भिंतींचा घुमारा, सगळे त्यात येते. ही शांतता त्याच्या स्वतःच्या उपयोगाची नसते. काही महिन्यांनी दोन संवादांमधली फट बुजवणाऱ्या संकलकासाठी ती असते. कित्येकदा दोघांची भेटही झालेली नसते.

५. तुमच्यासाठी

मी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो. प्रकल्प फसला की आमच्याकडे पहिले वाक्य ठरलेले असते : ‘सर, माझा भाग बरोबर आहे.’ असेलही. पण संदेशात एकदा मिसळलेला गोंगाट पुढच्या टप्प्यावर पूर्णपणे काढता येत नाही, हे तुम्ही प्रयोगशाळेत शिकता. ध्वनिमुद्रक हेच रोज जगतात. म्हणून त्यांच्यात सख्य ही चैन नाही, कामाची गरज आहे.

विचारासाठी प्रश्न : २००९ सालच्या चित्रपटांसाठी राष्ट्रीय पुरस्कारात जागेवरचे ध्वनिमुद्रण, ध्वनिरचना आणि अंतिम मिश्रण असे तीन वेगळे विभाग होते. अशा विभागणीने प्रत्येकाला न्याय मिळतो, की साखळी झाकली जाते? तुमचे मत उदाहरणासह लिहा.