गणकयंत्रावरील चिन्हांची पूर्वपीठिका

सिन्नरच्या बाजारपेठेंत आज दुकानादुकानांतून गल्ल्याशेजारीं कॅल्क्युलेटर दिसतो. अधिक, उणें, गुणिलें, भागिलें, वर्गमूळ, शेंकडा हीं चिन्हें त्याच्या बटणांवर असतात. शास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या यंत्रावर ‘साइन’, ‘कॉस’ हीं आणखी बटणें असतात. हीं सारीं चिन्हें परदेशांतून आलीं, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे; उरलेल्या अर्ध्या इतिहासाचा धागा सिन्नरपर्यंत येऊन पोंचतो.

परदेशचा भाग असा. अधिक व उणें यांचीं चिन्हें १४८९ सालीं जर्मनींत विडमन याच्या व्यापारी गणिताच्या पुस्तकांत छापलीं गेलीं. वर्गमूळाचें चिन्ह १५२५ सालीं रुडोल्फ यानें, बरोबरचें १५५७ सालीं रेकॉर्ड यानें व गुणाकाराची फुली १६३१ सालीं ऑट्रेड यानें प्रचारांत आणली.

याच्या कितीतरी आधीं आपल्याकडे काय होतें? देवगिरीपूर्वीं यादवांची राजधानी सिन्नर येथें होती. गोंदेश्वराचें देऊळ त्या वैभवाची साक्ष देत आजही उभें आहे. बाराव्या शतकाच्या अखेरीस पांचव्या भिल्लमानें देवगिरी वसविली. त्याचा पुत्र जैत्रपाल यानें भास्कराचार्यांचे चिरंजीव लक्ष्मीधर यांस आपल्या पदरीं ठेविलें, आणि नातू चांगदेव हे सिंघण यादवाचे ज्योतिषी झाले. चाळीसगांवजवळ पाटण येथील शिलालेखांत ही हकीकत आहे. आजोबांच्या ग्रंथांचें अध्ययन चालावें म्हणून चांगदेवांनीं तेथें मठ स्थापिला, व १२०७ सालीं त्यास देणगी मिळाली.

या ग्रंथांपैकीं ‘सिद्धान्तशिरोमणि’ ११५० सालचा. त्यांतील बीजगणितांत अज्ञात राशीस ‘या’, दुसरीस ‘का’, तिसरीस ‘नी’, ज्ञात संख्येस ‘रू’, वर्गास ‘व’ व करणीस ‘क’ अशीं अक्षरें योजिलीं आहेत. ऋण संख्येच्या डोक्यावर टिंब देत. एका राशीची तिप्पट करून पांच वजा करावयाचे असल्यास ‘या ३ रू ५’ असें लिहून पांचावर टिंब द्यावयाचें. बरोबरचें चिन्ह नव्हतें. दोन्ही पक्ष एकाखालीं एक मांडीत.

‘साइन’ या बटणाची कथा याहून नवलाची आहे. आपल्या गणितज्ञांचा शब्द ‘ज्या’ किंवा ‘जीवा’, म्हणजे धनुष्याची दोरी. अरबांनीं तो ‘जीब’ म्हणून घेतला. त्यांच्या लिपींत स्वर गाळले जात. म्हणून पुढें तो ‘जैब’, म्हणजे वस्त्राची घडी, असा वाचला गेला. बाराव्या शतकांत युरोपांत त्याचेंच ‘साइनस’ असें लॅटिन भाषांतर झालें. १९७२ सालीं ह्यूलेट-पॅकार्डच्या खिशांतल्या यंत्रावर हें बटण आलें. भास्कराचार्य त्रिज्या ३४३८ धरीत; तीस अंशांची ज्या १७१९ येते. यंत्र सांगतें, अर्धा. १७१९ ला ३४३८ नीं भागून पाहावें, दोन्ही उत्तरें एकच!

तथापि यंत्र चिन्हाची आज्ञा पाळतें, चिन्हाचा अर्थ जाणणें माणसाकडेच राहतें. दोन अधिक तीन गुणिलें चार असें क्रमानें दाबल्यास दुकानांतील साधें यंत्र वीस दाखवितें. शास्त्रीय यंत्र गुणाकार आधीं करून चौदा दाखवितें. तीस अंशांची ज्या काढतांना यंत्र अंशांऐवजीं रेडियनवर असेल, तर अर्ध्याऐवजीं ऋण संख्या उमटते. ज्यानें पावकी, निमकी, पाऊणकी पाठ केली होती, त्याला अशी चूक तोंडीं हिशेबानें तत्काळ कळत असे. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणीं आलीं, आणि तीं पाढ्यांचीं पाठांतरें हळूहळू मागें पडलीं.

पाटणच्या मठांत शिष्य ‘या’ लिहीत, तेव्हां तो कोणत्या राशीबद्दल आहे हें त्यांस आधीं सांगावें लागे. सिन्नरच्या शाळांतील मुलांनींही बटण दाबण्यापूर्वीं उत्तर अदमासें किती यावें एवढें मनाशीं ठरवावें. मग यंत्र त्यांचें खरें साहाय्यक होईल.