चित्रपटाची तबकडी

आगाखान राजवाड्यांतील बंदिवास संपल्यावर 1944 सालीं महात्मा गांधी विश्रांतीसाठीं जुहूच्या समुद्रकांठीं राहिले होते. तेथें त्यांना विजय भट्ट यांचा ‘रामराज्य’ हा बोलपट दाखविण्यांत आला. एका पाहुण्यास एक बोलपट दाखवावयाचा, तरी जड रिळें, प्रक्षेपणयंत्र आणि तें चालविणारा जाणता माणूस एवढा लवाजमा जमवावा लागे. हजार फूट फितीचें रीळ सुमारें अकरा मिनिटांत संपतें.

पुढें साठ वर्षांच्या आंत तेवढाच चित्रपट दोन तबकड्यांवर मावूं लागला आणि पिशवींतून घरोघर जाऊं लागला.

प्रकाशानें वाचावयाची चित्रतबकडी 1978 सालीं अमेरिकेंत विक्रीस आली. तिचा व्यास 30 सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ जेवणाच्या ताटाएवढा होता. 1982 सालीं 12 सेंटिमीटरांची सीडी आली. ती गाण्यांसाठीं होती. सीडीच्या अंगावर अतिसूक्ष्म खळगे असतात. लेसर किरण त्यांवरून परततांना प्रकाश कमीजास्त होतो, व त्यावरून यंत्र आंकडे ओळखतें. चित्रेंही अशींच आंकड्यांत आटवून बसविण्याची युक्ति साधली, तेव्हां 1993 सालीं व्हीसीडी निघाली. एका तबकडींत 74 मिनिटांचें चित्रण मावे. म्हणून प्रसंग ऐन रंगांत आला असतां उठून तबकडी बदलावी लागे.

मुंबईंत 1962 सालीं पुस्तकें भाड्यानें देण्यापासून आरंभ केलेल्या ‘शेमारू’नें 1979 सालीं व्हिडिओ फिती भाड्यानें देण्यास सुरुवात केली होती. पुढें फितीची जागा तबकडीनें घेतली. 2007 सालीं ‘मोझर बेअर’नें व्हीसीडीची किंमत 28 रुपयांवर आणली, आणि भाड्यानें आणण्याचें प्रयोजनच फारसें उरलें नाहीं. मराठी नाटकेंही याच वाटेनें दिवाणखान्यांत आलीं.

याहूनही लहान, 8 सेंटिमीटरांची तबकडी हातांतील कॅमेऱ्यांत बसे. तिच्यावर सुमारें अर्ध्या तासाचें चित्रण होई. कित्येक घरांतील बारशीं, मुंजी व लग्नें तिच्यांतच सांठविलेलीं आहेत. खरी काळजी हिचीच आहे. घरीं लिहिलेल्या तबकडींत रंगद्रव्याचा थर असतो. ऊन, उष्मा व दमट हवा यांनीं तो बिघडतो, आणि जुहूसारख्या किनाऱ्यावर दमटपणाला तोटा नाहीं. शिवाय चित्रण आटोपल्यावर कॅमेऱ्यांतच तबकडी बंद करण्याची एक क्रिया करावी लागे. ती राहून गेली, तर तबकडी दुसऱ्या यंत्रांत बहुधा चालत नाहीं. आणि तो कॅमेरा तर केव्हांच मोडींत गेलेला असतो.

फितीचा तुकडा उजेडासमोर धरला, तर माणसाचा चेहरा निदान दिसतो. तबकडी यंत्रावांचून मुकी आहे. 2018 सालीं मोझर बेअर कंपनीही दिवाळखोरींत निघाली. संगणकांतून तबकडीचा खण नाहींसा होत चालला. म्हणून ज्या घरीं अशा तबकड्या कपाटांत पडल्या असतील, त्यांनीं वाचणारें यंत्र मिळतें आहे तोंवरच त्यांची नक्कल नव्या साधनावर, आणि तीही दोन ठिकाणीं, करून ठेवावी. आजीचा आवाज दुसऱ्यांदा नोंदवितां येत नाहीं.