टोटचा भाव कोण ठरवतो?

पावसाळा लागला की घोड्यांच्या शर्यती मुंबईहून पुण्यात येतात. धायरीचे आमचे एक काका तेव्हा न चुकता कॅम्पापलीकडच्या रेसकोर्सवर जात. एकदा फलकावर रुपयाला ८ भाव पाहून त्यांनी पैसे लावले. घोडा जिंकला, हाती आले चौपट. 'फसवलं!' म्हणत काका घरी परतले.

कुणी फसवलं नव्हतं. बुकीनं दिलेला भाव हा त्याचा शब्द असतो; टोटमध्ये शब्द कुणीच देत नाही. १८६७ मध्ये पॅरिसला जोसेफ ओलर यांनी काढलेली ही युक्ती. सर्वांचे पैसे एका गल्ल्यात, त्यातून आयोजकांचा वाटा नि कर वजा, उरलेले जिंकणाऱ्यांत वाटून. समजा, गल्ला १०,००० रुपयांचा, कपात २,०००. जिंकलेल्या घोड्यावर २,००० लागले असतील, तर रुपयाला ४. काकांनी ८ पाहिले, तेव्हा त्या घोड्याकडे फारसं कुणी वळलं नव्हतं. नंतर वळले! भाव ठरतो तो खिडक्या बंद झाल्यावर.

ही आकडेमोड झटपट करणारं जॉर्ज ज्युलियस यांचं यंत्र १९१३ मध्ये न्यूझीलंडच्या एलर्स्ली मैदानावर बसलं. गंमत म्हणजे, मुळात त्यांनी ते मतमोजणीसाठी योजलं होतं.

काकांना सगळं पटलं. पुढच्या रविवारी ते बुकीकडे गेले.